शेपूट छाटावं की राखावं? शिकारी कुत्र्यांच्या डॉकिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उत्तर इंग्लंडात राहतो. हिवाळ्यातले शनिवार फेझंट नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीत हाकाऱ्याचं काम करण्यात जातात. सोबत माझा कॉकर स्पॅनियल असतो, त्याचं नाव खंड्या. त्याचं शेपूट अख्खं आहे आणि बरोबरच्या जवळजवळ सगळ्या स्पॅनियलांचं छाटलेलं. त्यामुळे इकडचे विचारतात, "याचं शेपूट का ठेवलंस?" आणि साताऱ्याहून आई फोनवर विचारते, "बाकीच्या बिचाऱ्यांची का कापलीत रे?" दोन्हीकडच्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो.

डॉकिंग म्हणजे नेमकं काय करतात?

पिल्लू दोन ते पाच दिवसांचं असताना त्याच्या शेपटीचा काही भाग काढून टाकतात. कात्री किंवा स्केलपेलने कापतात, नाहीतर घट्ट रबरी कडं चढवतात. कड्यामुळे रक्त पोचेनासं होतं आणि काही दिवसांत पुढचा तुकडा वाळून गळून पडतो. भूल सहसा देत नाहीत. किती काढायचं ते जातीवर ठरतं. रॉटवायलर, डॉबरमनचं जवळजवळ बुडापासून आणि कामाच्या स्पॅनियलचं एक तृतीयांश ते अर्धं, असा साधारण रिवाज.

ही पद्धत आली कुठून?

फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला लिहितो की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटीचं शेवटचं पेर दातांनी तोडावं आणि आतली शीर ओढून काढावी. त्याने शेपूट बेढब वाढत नाही, आणि असा कुत्रा पिसाळत नाही असं बरेच धनगर सांगतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. पिसाळण्याचा आणि शेपटीचा काडीचा संबंध नाही हे पुढे कळलं. छाटणी मात्र थांबली नाही, फक्त तिचं कारण बदललं.

ब्रिटनमध्ये १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला. कामाच्या कुत्र्याला सूट मिळावी म्हणून खूण म्हणून शेपूट कापायचे, अशी गोष्ट इथे पबमध्ये हमखास ऐकायला मिळते. कर खरा होता. बाकी गोष्टीची जबाबदारी सांगणाऱ्यावर.

लॅब्राडोरही त्याच रानात असतो. मग स्पॅनियलचंच का?

कामाची तऱ्हा वेगळी. लॅब्राडोर बहुतेक वेळ मालकाशेजारी बसून असतो. पक्षी पडला की जातो आणि घेऊन येतो. त्याचं शेपूट जाड असतं, वर आखूड दाट केस असतात. स्पॅनियलचं काम रान उठवायचं. जिथे माणूस शिरू शकत नाही त्या काटेरी जाळीत तो नाक खाली घालून घुसतो, आणि वास लागला की शेपूट असं काही फिरायला लागतं की डोळ्याला नुसता भोवरा दिसतो. इथलं ब्रॅम्बल म्हणजे रानटी ब्लॅकबेरीचं झुडूप. आपल्या करवंदीच्या जाळीत हात घातलेल्या माणसाला जास्त समजावून सांगायला नको. त्या जाळीत मिनिटाला शंभर वेळा काहीतरी आपटत राहिलं तर काय होईल?

आता याच मुद्द्यावर विरोधक बोट ठेवतात, आणि ते चूक नाही. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरचं शेपूट छाटायचं आणि इंग्लिश पॉइंटरचं मात्र कधीच नाही, हे कसं? समर्थक सांगतात की इंग्लिश पॉइंटर उघड्या माळावर धावतो आणि जर्मन जातीचे कुत्रे झुडपातही शिरतात. थोडं पटतं, सगळं नाही. रिवाजाचा हात त्यात आहेच.

जखम एवढी मोठी असते का? थोडं कातडं तर जातं.

मलाही असंच वाटायचं. खंड्याच्या पहिल्या हंगामात, नोव्हेंबरमध्ये, दुपारच्या हाक्यानंतर मी गाडीचं मागचं दार उघडलं तर आतून काचेवर, छपरावर, माझ्या डब्याच्या पिशवीवर बारीक लाल शिंतोडे. आधी वाटलं पक्ष्याचं रक्त असेल. मग पठ्ठ्या मला बघून शेपूट हलवायला लागला आणि माझ्या तोंडावर फवारा आला. शेंड्याचं कातडं सोलून निघालं होतं, आतलं हाडाचं टोक पांढरं दिसत होतं, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. तो खूश होता. खरी पंचाईत तिथेच आहे. शेंड्याला मांस जवळजवळ नसतं, कातडं पातळ, आणि कुत्रा खूश असेल तर जखम दर वेळी भिंतीवर, दारावर, खुर्चीच्या पायावर आपटते. खपली धरली की उडते. इंग्रजीत याला 'हॅपी टेल' म्हणतात, आणि घर लाल करून ठेवणाऱ्या दुखण्याला इतकं गोड नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

पट्टी बांधली तर अर्ध्या तासात घसरते. शेवटी डॉक्टरांनी मोठ्या इंजेक्शनच्या सिरिंजची प्लॅस्टिकची नळी कापून शेंड्यावर बसवली आणि वरपर्यंत चिकटपट्टी गुंडाळली. सात आठवडे माझ्या कुत्र्याचं शेपूट नळीत होतं. आईला फोटो पाठवला तर ती एवढंच म्हणाली, "झालं का सरळ?"

काहींची जखम भरतच नाही. हाडात संसर्ग जातो आणि मग मोठेपणी, पूर्ण भूल देऊन, शेपूट कापावं लागतं. ती शस्त्रक्रिया पिल्लाच्या छाटणीपेक्षा फार मोठी. टाके, गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा, काही आठवडे बंद खोली, आणि कधीकधी टोक पुन्हा उघडतं.

एवढं असेल तर सगळ्यांचीच छाटलेली बरी नाहीत का?

नाही. ब्रिटनमधल्या ५२ दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. शेपटीच्या जखमा सापडल्या २८१. म्हणजे हजारामागे दोन-सव्वादोन कुत्रे. त्या हिशेबाने एक जखम टाळायला सुमारे ५०० कुत्र्यांची शेपटं छाटावी लागतील.

पण शिकारी लोक म्हणतात निम्म्या स्पॅनियलांना जखम होते. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. सगळा वाद कशाला कशाने भागता याचा आहे, आणि माझ्या मते डॉकिंगच्या भांडणातली निम्मी वाफ इथेच निघून जाते.

ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या कामाच्या कुत्र्यांची पाहणी केली. ती २०१४ साली छापून आली. २०१०-११ च्या एका हंगामात काम केलेले २,८६० कुत्रे होते. एकूण १३.५ टक्क्यांना शेपटीची किमान एक जखम झाली. न छाटलेले स्पॅनियल तेवढे वेगळे काढले तर ५६.६ टक्के. न छाटलेले जर्मन पॉइंटरसारखे कुत्रे, म्हणजे शोधणं, थबकून दाखवणं आणि आणून देणं ही तिन्ही कामं करणारे, ३८.५ टक्के.

आधीचा अभ्यास सोफ्यावरच्या पगपासून सगळ्यांना धरून होता. लोकलच्या दारात लटकणाऱ्यांचे अपघात मुंबईच्या सगळ्या लोकसंख्येत वाटले तर दारात लटकणं अगदी सुरक्षित दिसेल, तसंच हे. पण ग्लासगोच्या आकड्यालाही खोट आहे. तो मालकांनी इंटरनेटवर भरून दिलेल्या माहितीवर उभा आहे. ज्याचा कुत्रा रक्तबंबाळ झाला तो असा फॉर्म आवर्जून भरतो, ज्याला काही झालं नाही तो कशाला भरतोय? शिवाय त्यात खरचटणंही जखमच.

त्याच विद्यापीठाने स्कॉटलंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा चित्र आणखी बदललं. कामाच्या जातीतल्या एका कुत्र्याच्या शेपटीची जखम टळावी, यासाठी सुमारे २३२ पिल्लांची छाटावी लागतील असं निघालं. तेव्हा समोरचा टक्का फेकतो त्या वेळी मी तीनच गोष्टी विचारतो: कुठले कुत्रे, किती काळ, आणि जखम म्हणजे काय.

ग्लासगोच्या पाहणीतली एक गोष्ट मात्र दोन्ही बाजू सोयीस्करपणे विसरतात. एक तृतीयांश छाटलं काय, अर्धं छाटलं काय किंवा त्याहून आखूड केलं काय, जखमेच्या धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे फक्त शेंडा काढण्यामागे काहीतरी कारण उभं राहतं. बोटभर खुंट ठेवण्यामागे कसलंच नाही. ती निव्वळ फॅशन.

एवढ्याशा पिल्लाला दुखतं का? म्हणतात की मज्जातंतू कच्चे असतात.

दुखतं. ऑस्ट्रेलियात १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते पाच दिवसांच्या ५० पिल्लांची छाटणी होताना नोंद केली. कापताना सगळीच्या सगळी किंचाळली. त्यानंतर बहुतेक काही मिनिटांत शांत झाली आणि झोपली. 'लगेच झोपतात, म्हणजे दुखत नाही' हे समर्थकांचं आवडतं वाक्य. पण हा तर्क लावला तर रडून झोपलेल्या कुठल्याच लेकराला काही झालेलं नसतं. मज्जातंतूंवरचं आवरण पुरतं तयार नसतं हे खरं. त्यामुळे संदेश सावकाश जातो, पण जातो. काही कुत्र्यांत कापलेल्या टोकाशी मज्जातंतूची गाठ तयार होते आणि ती पुढे दुखत राहते, अशा नोंदीही आहेत.

इंग्लंडमध्ये कायदा काय म्हणतो?

१ जुलै १९९३ पासून ब्रिटनमध्ये ही छाटणी फक्त पशुवैद्याने करायची असं ठरलं. त्याआधी पैदास करणारे स्वतःच कापायचे. त्याच्या आदल्या वर्षी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सने, म्हणजे पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने, उपचारासाठी किंवा खऱ्या प्रतिबंधासाठी नसलेली छाटणी अनैतिक ठरवली होती. मग आला २००६ चा प्राणी कल्याण कायदा. ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंडमध्ये डॉकिंगवर बंदी आली, आणि कामाच्या कुत्र्यांना त्यातून सूट मिळाली.

सूट अशी: पिल्लू पाच दिवसांहून मोठं नको. ते स्पॅनियल, टेरियर किंवा शोधून-दाखवून-आणणाऱ्या जातींपैकी हवं. पोलीस, सैन्य, आपत्कालीन बचाव, उंदीर-घुशींचा बंदोबस्त किंवा शिकार यांपैकी एखाद्या कामाला ते जाणार, असं मालकाने लिहून द्यायचं. पुरावा म्हणून बंदुकीच्या परवान्यासारखा कागद दाखवायचा. पिल्लांबरोबर आईही डॉक्टरांसमोर आणायची. डॉक्टर प्रमाणपत्र देणार आणि पुढे मायक्रोचिप बसणार.

वेल्समध्ये जवळपास असंच, जातींची यादी जरा वेगळी. उत्तर आयर्लंडमध्ये २०१३ पासून बंदी, कामाच्या कुत्र्यांना सूट. बेकायदा छाटलं तर २०२१ पासून इंग्लंडमध्ये शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आणि स्कॉटलंडमध्ये?

स्कॉटलंडने २००७ साली सरसकट बंदी घातली, शिकारी कुत्र्यांनाही सूट नाही. गेमकीपर म्हणजे शिकारीचं रान आणि पक्षी राखणारी मंडळी वैतागली आणि छाटलेली पिल्लं इंग्लंडमधून आणू लागली. वर सांगितलेल्या ग्लासगोच्या अभ्यासानंतर सरकारने मत बदललं. २१ जून २०१७ रोजी स्कॉटिश संसदेत मतदान झालं, ८६ विरुद्ध २९. आता तिथे स्पॅनियल आणि शोधून-दाखवून-आणणाऱ्या कुत्र्यांचा फक्त शेवटचा एक तृतीयांश भाग काढता येतो. टेरियर त्यात नाहीत. ब्रिटिश व्हेटर्नरी असोसिएशनने आणि प्राणीसंस्थांनी कडाडून विरोध केला होता आणि त्यांचा विरोध आजही आहे.

मला विचाराल तर चार देशांत सगळ्यात प्रामाणिक कायदा हाच. जेवढं आकड्यांतून दिसतं तेवढंच कापायला परवानगी.

तीन दिवसांच्या पिल्लाकडे बघून ते कामाला जाणार हे डॉक्टरांना कसं कळतं?

कळत नाही. कायद्याची सगळ्यात कच्ची बाजू ही. डोळे न उघडलेलं, आईच्या पोटाशी चिकटलेलं ते सुरवंट पुढे बंदुकीच्या आवाजाला घाबरेल की नाही, हे देवालाही ठाऊक नसावं. डॉक्टर प्रमाणपत्र देतात ते कागदांवर आणि पैदास करणाऱ्याच्या शब्दावर. सात पिल्लं झाली, सातही छाटली. त्यातली दोन शिकारीला जातात, एखादं विमानतळावर अमली पदार्थ हुंगायला जातं, बाकीची लीड्समधल्या कुठल्यातरी घरी मुलांच्या पायात लोळतात. आमच्या गल्लीत दोन छाटलेले कॉकर आहेत. दोघांनी आयुष्यात फेझंट पाहिला असेल तर गाडीखाली आलेलाच.

याउलट माझा खंड्या. पाळीव म्हणून विकायला ठेवलेल्या पिल्लांतला, म्हणून शेपूट शाबूत. आणि शनिवारी काट्यात जातो तो हा.

छाटलेला कुत्रा क्रफ्ट्समध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या श्वानप्रदर्शनात, नेता येतो का?

६ एप्रिल २००७ किंवा त्यानंतर छाटलेला असेल तर नाही. प्रेक्षकांकडून तिकिटाचे पैसे घेणाऱ्या प्रदर्शनात त्याला मनाई आहे, प्रमाणपत्र असलं तरी. केवळ कामाचं कसब दाखवायचं असेल तर चालतं.

शेपटीवाचून कुत्र्याचं काही अडतं का?

रोज तीन पायांवर फिरणारे कुत्रेही मजेत असतात, त्यामुळे 'अडतं' हा शब्द मोठा होईल. पण शेपूट ही कुत्र्याची भाषा आहे. कॅनडातल्या संशोधकांनी एक यांत्रिक कुत्रा बनवला. त्याला कधी लांब शेपूट लावायचे कधी आखूड, कधी हलतं कधी स्थिर, आणि मोकळ्या मैदानात ४९२ कुत्रे त्याच्याजवळ कसे येतात ते पाहिलं. लांब शेपूट हलत असेल आणि नसेल यातला फरक मोठ्या कुत्र्यांच्या वागण्यात दिसला. आखूड असेल तेव्हा दिसला नाही. खुंट हलतोय की नाही, समोरच्याला वाचताच येईना.

जन्मतःच आखूड शेपटीचे कुत्रे असतात ना? तीच पैदास का वाढवत नाहीत?

असतात. पेम्ब्रोक कॉर्गी, ब्रिटनी वगैरे. एका जनुकातल्या बदलामुळे असं होतं. ब्रूस कॅटनॅक नावाचे आनुवंशशास्त्रज्ञ बॉक्सर पाळायचे. बंदी येणार हे ओळखून त्यांनी १९९० च्या दशकात बॉक्सर आणि कॉर्गीचा संकर केला आणि चारेक पिढ्यांत आखूड शेपटीचे, दिसायला पक्के बॉक्सर तयार केले. भन्नाट प्रकार. फक्त त्या जनुकाच्या दोन प्रती एका पिल्लात आल्या तर ते जन्माआधीच मरतं, म्हणून दोन आखूड शेपट्यांची जोडी लावायची नसते.

पोहून आल्यावर शेपूट एकदम लुळं पडलं. छाटलं असतं तर टळलं असतं का?

हे वेगळं दुखणं, 'लिम्बर टेल'. थंड पाणी, खूप श्रम. बुडाशी चार बोटं ताठ, पुढे दोरीसारखं लोंबतं. कामाच्या लॅब्राडोरांत जास्त दिसतं, विश्रांतीने बहुधा काही दिवसांत बरं होतं. डॉक्टरांना दाखवा. डॉकिंगशी याचा संबंध जोडू नका.

आपल्याकडच्या कारवानीचं शेपूट कधी कोणी छाटलेलं ऐकलं नाही. तोही शिकारीच ना?

नजरेने शिकार धरणारा, उघड्या माळावर पळणारा कुत्रा. ससा वळला की त्याच्यामागे तसंच वळताना लांब शेपूट तोल सावरायला कामी येतं. लातूरकडच्या जुन्या माणसाला कारवानीचं शेपूट कापायला सांगा, तो तुमच्याकडेच संशयाने पाहील. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती शिकार संपली, कुत्रा राहिला.

यात एक गंमत आहे. वर सांगितलेल्या सव्वा लाखावर कुत्र्यांच्या अभ्यासात ग्रेहाउंड, लर्चर, व्हिपेट या पळणाऱ्या कुत्र्यांना शेपटीच्या जखमेचा धोका लॅब्राडोरांच्या जवळपास सातपट निघाला. स्पॅनियलांना सहापट. तरी ग्रेहाउंडचं शेपूट छाटा असं ब्रिटनमध्ये कोणी म्हणत नाही. जखम हेच एकमेव कारण असतं तर म्हटलं असतं.

पुण्यात रॉटवायलरचं पिल्लू घेतोय. विकणारा म्हणतो, शेपूट मीच कापून देतो. करू का?

नको. तुमचा रॉटवायलर बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये कुठल्या जाळीत घुसणार आहे? या जातीत छाटणीला दिसण्यापलीकडे कारणच उरलेलं नाही. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ मध्ये, प्राण्याचं अंग तोडणं ही क्रूरता धरली आहे. त्याच कलमात शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं यांना ठरलेल्या पद्धतीने सूट आहे. कुत्र्याचं शेपूट त्या यादीत नाही. दंड वाचून मात्र हसू नका: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. विकणाऱ्याला सांगा, "शेपटासकट द्या, नाहीतर राहू द्या."

मग तू स्वतः पुढचं पिल्लू कसं घेणार?

कामासाठीच घ्यायचं असेल तर आईबाप दोघं रानात काम करताना पाहून, स्कॉटलंडमधलं, फक्त शेंडा काढलेलं घेईन. घरात पाळायला घ्यायचं असेल तर अख्ख्या शेपटीचं. पाच वर्षांपूर्वी या उत्तरातलं पहिलं वाक्य मी लिहिलं नसतं. तेव्हा माझ्या तोंडावर रक्त उडालं नव्हतं.

आणि खंड्या?

बरा आहे. शेंड्यावर अंगठ्याच्या नखाएवढं टक्कल पडलंय, तिथे केस परत आले नाहीत. कामाला निघताना त्या टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे देतो, आणि ब्रॅम्बलची जाळी आली की त्याला शिट्टी मारून बाजूच्या गवतातून नेतो. त्याला ते मुळीच मान्य नाही. हंगाम १ फेब्रुवारीला संपतो, तोवर आमचं हे भांडण चालू.